आधी घाम, मग थंडी: स्कीइंगच्या सहलीची बॅग कशी भरावी

स्कीइंगला पहिल्यांदा निघालेलं माणूस मला हमखास एकच प्रश्न विचारतं: "जॅकेट किती जाड घेऊ?" मी उलट विचारते, "आत काय घालणार आहेस?" बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, "रोजचाच टी-शर्ट." मग मी त्यांना बसवते आणि सगळं पहिल्यापासून सांगते. तेच आता लिहून काढते आहे, कारण दर हिवाळ्यात तीन-चार जणांना फोनवर सांगताना काहीतरी राहून जातंच.

माझ्या पहिल्या सहलीत मी जाड जॅकेट घेतलं होतं, आत सुती टी-शर्ट आणि त्यावर दोन स्वेटर. सकाळी खोलीतून निघताना छान ऊब होती. नवशिकं माणूस उतारावर काय करतं? पडतं, उठतं, पायात लांबलचक स्की घेऊन आडवं आडवं वर चढतं आणि पुन्हा पडतं. तासाभरात मी घामाने निथळले. मग चेअरलिफ्टवर, म्हणजे तारेला टांगलेल्या, उतारावर वर नेणाऱ्या उघड्या बाकावर, बसले. लिफ्ट अध्येमध्ये थांबली, वारा सुटला, आणि पाठीला चिकटलेला तो ओला टी-शर्ट असा गार पडला की दातावर दात आपटायला लागले. बाहेरून पाण्याचा एक थेंब आत आला नव्हता. मी भिजले होते ते माझ्याच घामाने. तेव्हापासून कपडे निवडताना मी पहिला प्रश्न एकच विचारते: हे घालून अंग कोरडं राहील का? उबेचा विचार त्यानंतर.

पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. कपडा ऊब देतो म्हणजे खरं तर तो धाग्यांमध्ये हवा अडकवून ठेवतो. सुती कापड घाम पिऊन धरून ठेवतं, हवेची जागा पाणी घेतं, आणि मग वर कितीही जाड जॅकेट असलं तरी आत ओलं फडकं गुंडाळल्यासारखंच होतं. म्हणून स्कीइंगच्या बॅगेतून सुती कपडे मी आधी बाहेर काढते. टी-शर्ट, जीन्स, सुती मोजे, हुडी, सगळं. संध्याकाळी खोलीत घालायला ठेवा हवं तर, उतारावर मात्र नको.

कपडे ठरवण्याआधी हवेचा अंदाज बघा, पण तो नीट वाचा. हवामानाच्या अॅपवर पायथ्याच्या गावाचं तापमान दिसतं. स्कीइंग होतं वर. उंची १००० मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. त्यात वारा धरा. हवा उणे १० असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या गालाला ते उणे २० सारखं लागतं. आणि वारा पडलेला असला तरी तुम्ही स्वतः उतारावरून त्याच वेगाने खाली येत असता, म्हणजे वारा तुम्हीच तयार करता. एकाच दिवसात, एकाच माणसाला, उन्हात चढताना घाम आणि सावलीच्या लिफ्टवर हुडहुडी हे दोन्ही अनुभवायला मिळतं. एका जाड कपड्याने हे निभत नाही. दोन-तीन पातळ कपडे एकावर एक, काढता-घालता येतील असे, हाच त्यावरचा उपाय.

अंगालगतचा थर

पैसे कमी असतील तर ते इथे घाला, असं मी सगळ्यांना सांगते. जॅकेट आणि पँट भाड्याने मिळतात, मैत्रिणीकडून मागून आणता येतात. अंगालगतचे कपडे तुमचे स्वतःचे आणि नेमके मापाचे हवेत.

पर्याय दोन: मेरिनो लोकर, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीची बारीक धाग्याची लोकर, किंवा पॉलिएस्टर. लोकर म्हटलं की ती टोचणार ही भीती असते, आणि जाड धाग्याच्या लोकरीबाबत ती खरीही आहे. धागा ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) पुढे गेला की त्याचं टोक वाकत नाही, त्वचेला टोचतं. मेरिनोचा चांगला धागा १७ ते १९ मायक्रॉनचा असतो, त्वचेला लागताच टोक वाकतं. लोकरीची खरी किमया म्हणजे ती स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतका ओलावा पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. शिवाय तीन-तीन दिवस घातली तरी वास धरत नाही, त्यामुळे बॅगेत कपडे कमी लागतात. पॉलिएस्टर पाणी जवळपास पीतच नाही, भराभर वाळतं, धुण्याला टिकतं आणि स्वस्त असतं. पण दुसऱ्या दिवशी त्याला वास मारतो, हे मान्य करायलाच हवं. मी वरचे दोन मेरिनोचे घेते, खाली पॉलिएस्टरच्या दोन लेगिंग. पायांना पाठीइतका घाम येत नाही, तिथे महागाची लोकर घालून फारसा फरक पडत नाही असा माझा अनुभव.

लेबलवर चौरस मीटरला किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं. १५० ते २०० च्या आसपासचं कापड बहुतेक दिवसांना चालतं. २५० चं ज्यांना फार थंडी वाजते त्यांनी घ्यावं. कापड अंगाला लागून बसायला हवं, कारण अंगाला लागलंच नाही तर घाम ओढणार कसं? घालून बघताना दोन्ही हात वर करा, मग कमरेत वाका. पोट किंवा पाठ उघडी पडली तर एक माप लांब बघा. गळ्याला छोटी चेन असलेला मिळाला तर तोच घ्या. चढताना चेन इंचभर खाली ओढली की मानेतून वाफ निघून जाते, लिफ्टवर पुन्हा वर.

आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते मी बोलते: आतले कपडे. वर भारीतली मेरिनो आणि आत सुती ब्रेसियर, म्हणजे छातीभोवती दिवसभर ओली पट्टी बांधून फिरणं. व्यायामाची, पॉलिएस्टरची ब्रा घ्या, पाठीवर धातूचे हूक नसलेली. चड्ड्याही सुती नकोत. पुरुषांनाही हे तितकंच लागू आहे.

लेगिंग घेताना लांबी बघा. ती स्की बूटच्या वरच संपली पाहिजे. पोटरीपर्यंतच्या, पाऊण लांबीच्या मिळतात, त्या उत्तम. पूर्ण लांबीची असेल तर बूट घालताना पोटरीवर वर सरकवून घ्या. बूटच्या आत फक्त पाय आणि मोजा, तिसरं काहीही नाही.

मधला थर

इथे फार वेळ घालवायचं कारण नाही. एक पातळ फ्लीस, म्हणजे मऊ, केसाळ कृत्रिम कापडाचं जॅकेट, पुरे. त्याला टोपी नसावी, कारण हेल्मेटच्या खाली मानेशी तिचा गोळा होतो. जोडीला एक बिनबाह्यांचं, आत भरण असलेलं जॅकेट. ते पाठीवरच्या छोट्या सॅकमध्ये राहतं आणि वारा वाढला की अंगावर चढतं. भरण पिसांचं की कृत्रिम? पिसं वजनाला हलकी आणि उबेला अव्वल, पण भिजली की गोळा होऊन बसतात आणि ऊब जाते. कृत्रिम भरण ओलं झालं तरी बरंच काम करत राहतं. घाम येणाऱ्या खेळात मधल्या थराला मी कृत्रिमच घेते. पिसांचं जॅकेट संध्याकाळच्या फेरफटक्याला.

माझ्या मावशीने विणलेला एक लोकरीचा स्वेटर आहे, दुहेरी विणीचा, कोपरापाशी नक्षी असलेला. तो मी प्रत्येक सहलीला नेते, पण उतारावर घालत नाही. त्यावर जॅकेट चढवलं की हात कोपरात वाकत नाहीत, आणि बर्फाचे कण विणीत अडकून बसतात. खोलीत परतल्यावर मात्र त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

बाहेरचा थर

जॅकेटच्या लेबलवर दोन आकडे असतात. पहिला मिलीमीटरमध्ये: १०,००० म्हणजे कापडावर दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी आत यायला लागत नाही. दुसरा ग्रॅममध्ये: एका चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर पडते. कोरड्या, थंड बर्फात दोन्ही आकडे १०,००० असले तरी भागतं. ओला, जड बर्फ किंवा पाऊस पडणाऱ्या डोंगरांवर २०,००० बघावं. दुकानात सगळे पहिल्या आकड्याकडे बघतात. मी दुसऱ्याकडे आधी बघते, कारण घामाची वाट त्या आकड्यात आहे. बॉब गोर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉनचा दांडा झटक्यात ताणून पाहिला आणि त्यातून सूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार करायची युक्ती सापडली. गोर-टेक्स त्यातूनच आलं. छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा थेंब शिरत नाही, पण घामाची वाफ निसटते. आज अनेक कंपन्यांचे असे पडदे मिळतात, नावासाठी अडून बसू नका.

पण कोणताही पडदा जोरात चढणाऱ्या माणसाचा सगळा घाम बाहेर टाकू शकत नाही. म्हणून काखेखाली चेन हवी. ही एक गोष्ट असेल तर मी बाकी दोन सोयींवर पाणी सोडायला तयार असते. तसंच पँटला मांडीच्या आतल्या बाजूने चेन. याशिवाय जॅकेट उलटं करून बघा: शिवणींवर आतून टेप आहे का? नसेल तर पाणी सुईच्या भोकांतून येतं. कमरेशी आत लवचिक झालर असावी, म्हणजे पडल्यावर बर्फ पाठीत शिरत नाही, आणि नवशिक्यांना ती फार लागते. टोपी हेल्मेटवरून ओढता यावी. डाव्या बाहीवर छोटा खिसा असेल तर लिफ्टचा पास त्यात ठेवायचा, गेट तो कापडातून वाचतं. पास आणि फोन मात्र एका खिशात ठेवू नका, गेट उघडायला खोळंबा होतो.

काही जॅकेटांच्या बाहीवर किंवा टोपीवर रेको असं लिहिलेली चपटी पट्टी असते. हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या माणसाला बचाव पथकाच्या यंत्राने शोधता यावं म्हणून ती परावर्तक पट्टी. स्वीडनमधल्या ओरे इथे १९७३ मध्ये झालेल्या हिमस्खलनानंतर ही कल्पना पुढे आली. असली तर चांगलंच, पण ती आहे म्हणून आखून दिलेल्या वाटेबाहेर जाऊ नका. तिथे लागणारी यंत्रं आणि शिक्षण वेगळंच आहे.

रंग पांढरा नको, राखाडीही नको. धुकं आलं की बरोबरच्यांना तुम्ही दिसला पाहिजेत. आमच्या घरात मी नारिंगी, नवरा पिवळा, मुलगी गुलाबी.

भरण असलेलं जॅकेट घ्यावं की नुसतं वारा-पाणी अडवणारं कवच? पुष्कळ हालचाल करणाऱ्यांनी कवच घ्यावं आणि ऊब आतल्या थरांतून मिळवावी. आठवड्याभरासाठी पहिल्यांदाच जाणाऱ्याला, आणि बर्फात बसून प्रशिक्षकाचं ऐकत थांबणाऱ्या लहान मुलांना, हलकं भरण असलेलं बरं. पँट तर नवशिक्याला हलक्या भरणाचीच असू दे. दिवसातला बराच वेळ त्याची बैठक बर्फावरच असते.

पँट घालून दुकानात उकिडवं बसा. लाजू नका. गुडघ्यावर ओढ बसली किंवा कंबर पाठीत खाली घसरली, तर तीच पँट उतारावर दिवसभर छळणार. घोट्याशी आतल्या बाजूला जाड कापडाचा तुकडा हवा, नाहीतर स्कीची धारदार कड पँट कापते. आणि पायाच्या टोकाशी आत जी दुसरी, लवचिक घेराची नळी असते, ती बूटच्या आत खोचायची नसते, बूटवरून बाहेर ओढायची असते. दर सहलीत कोणीतरी ती आत खोचतं आणि दुपारी नडगी सोलून घेतं.

पाय, सगळ्यात महत्त्वाचे

पाय गार पडतात म्हणून लोक दोन मोजे घालतात. पाय त्यामुळेच आणखी गार पडतात. बूट आवळला जातो, रक्त नीट फिरत नाही, दोन मोजे एकमेकांवर घसरून चुणी पडते, आणि त्या चुणीवर बूटच्या टणक कवचाचा दाब. माझ्या उजव्या नडगीवर मी अशा चुणीचा निळा वळ चार दिवस वागवला आहे. तांदळाच्या दाण्याएवढी चुणी होती ती.

मोजा एकच, गुडघ्याखालपर्यंत पोचणारा, स्कीइंगसाठी बनवलेला, लोकर आणि कृत्रिम धाग्याचा मिश्र, आणि पातळ. जाड नव्हे. डावा-उजवा वेगळा असतो, टाचेवर तसं लिहिलेलं असतं, बघून घाला. बसून, मोजा अंगठ्यापर्यंत गोळा करून, बोटांवरची शिवण सरळ करायची, मग टाच नेमकी टाचेत बसवायची, मग वर ओढत न्यायचा आणि शेवटी हाताने पोटरीवरून खालपर्यंत फिरवून चुण्या चाचपायच्या. एवढ्याला अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट कोणी घाई केली तरी सोडू नका. आणि मोजा सकाळी कोरडा असला पाहिजे: खोलीतून बूट ठेवण्याच्या जागेपर्यंत दुसरे मोजे घालून जा आणि स्कीचा मोजा तिथे, बूट घालताना बदला. चालताना पायाला आलेला घाम मग बूटमध्ये जात नाही.

बूट बहुतेकांनी भाड्यानेच घ्यावेत. त्याचं माप सेंटिमीटरमध्ये असतं, टाचेपासून अंगठ्यापर्यंतची पायाची लांबी. घरी कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने दोन्ही पाय मोजून जा. दोन्हीत फरक निघतो, मोठा धरा. बूट घालून सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे पुढे वाकवले की ती सुटली पाहिजेत. नवख्या माणसाला हे घट्ट वाटतं आणि तो एक माप मोठा मागतो. मागू नका. टाच आत उचलली गेली की स्की तुमचं ऐकत नाही आणि तुम्ही पायाची बोटं आवळून धरता. आवळलेली बोटंच आधी बधिर होतात.

हात, डोकं, डोळे

पाचही बोटं सुटी असलेल्या हातमोज्यांपेक्षा चार बोटं एकत्र राहणारे मिटन जास्त उबदार, कारण बोटं एकमेकांना ऊब देतात. मुलांना आणि ज्यांचे हात लवकर गारठतात त्यांना मिटनच. हातमोजा घालून बूटचं बकल लावता येतं का, जॅकेटची चेन ओढता येते का, हे दुकानातच करून बघा. मनगटाला अडकवायची दोरी हवी. लिफ्टवरून खाली पडलेला हातमोजा परत मिळवणं सोपं नसतं. आतून घालायला एक पातळ जोड घ्या, म्हणजे फोन किंवा चेनसाठी बाहेरचा काढला तरी हात उघडा पडत नाही. आणि हातमोज्यांचे दोन जोड न्याच. जॅकेट एकच चालतं, पँट एकच चालते, हातमोजे एकच चालत नाहीत, कारण पडताना प्रत्येक वेळी हातच बर्फात जातो.

हेल्मेट घालावंच. आतल्या लेबलवर ईएन १०७७ किंवा एएसटीएम एफ २०४० हे मानक लिहिलेलं आहे का बघा. त्याखाली जाड लोकरी टोपी घालू नका, हेल्मेट डोक्यावर वर चढून बसतं आणि आपटल्यावर उपयोगाला येत नाही. फार थंडी असेल तर पातळ, खास त्यासाठीची टोपी मिळते. लांब केस असतील तर मानेवर खाली सैल वेणी घाला. अंबाडा, चाप, मोठे क्लिप हेल्मेटखाली टोचतात. मानेला लांब मफलर नको, लिफ्टमध्ये किंवा पडताना अडकतो. नळीसारखा गळपट्टा घ्या, जो नाकापर्यंत वर ओढता येतो. तोही दोन न्या, कारण श्वासाच्या वाफेने दुपारपर्यंत ओला होऊन कडक होतो.

गॉगल हेल्मेट घालूनच निवडा. कपाळावर दोघांच्या मध्ये फट राहिली तर तिथून वारा घुसतो आणि डोकं दुखायला लागतं. काचेवर एस १, एस २, एस ३ असं लिहिलेलं असतं. एस १ मधून ४३ ते ८० टक्के प्रकाश येतो, ढगाळ दिवसाला ती हवी. एस ३ मधून फक्त ८ ते १८ टक्के, ती लख्ख उन्हाला. एकच घ्यायचा तर एस २ घ्या. चष्मा असलेल्यांनी चष्म्यावरून बसणारा वेगळा प्रकार मागावा. आतली बाजू कधीही बोटाने किंवा हातमोज्याने पुसू नका, वाफ न धरणारा लेप खरवडून निघतो. बर्फ गेला असेल तर झटका, उरलेलं सुकू द्या. आणि विसाव्याला थांबल्यावर गॉगल घामट कपाळावर चढवू नका, पुढचा तासभर धुकं बघावं लागेल.

सनस्क्रीन आणि ओठांसाठी बाम ही मी कपड्यांतच धरते. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, आणि दर १००० मीटरला हे किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. ऊन खालूनही येतं. म्हणून हनुवटीच्या खाली, नाकाच्या खालच्या बाजूला आणि कानांच्या पाळ्यांना लावा.

बॅग भरताना

सहा दिवसांसाठी एका माणसामागे माझा हिशेब असा: अंगालगतचे वरचे दोन, फार तर तीन, लेगिंग दोन, आतले कपडे चार, फ्लीस एक, बिनबाह्यांचं एक, जॅकेट एक, पँट एक, स्कीचे मोजे तीन जोड, हातमोजे दोन जोड आणि आतला पातळ एक, गळपट्टे दोन. संध्याकाळसाठी एक विजार, दोन शर्ट, तो स्वेटर, आणि खाचदार तळाचे, पाणी न शिरणारे बूट. गोठलेल्या रस्त्यावर पाय मोडणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यातले बरेच उतारावर नव्हे, संध्याकाळी गुळगुळीत तळाच्या बुटांत पडले.

कमी कपडे नेता येतात ते रात्री धुता येतात म्हणून. बेसिनमध्ये थोड्या साबणाने मेरिनो खळबळून घ्या, पिळू नका. कोरडा टॉवेल जमिनीवर पसरा, त्यावर कपडा सपाट ठेवा, टॉवेलसकट घट्ट गुंडाळी करा आणि त्यावर उभं राहून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाय दाबत चाला. उलगडलं की टॉवेल जड आणि कपडा दमट, एवढंच. सकाळपर्यंत वाळतो.

भरताना हेल्मेट रिकामं ठेवू नका. आत गॉगल त्याच्या कापडी पिशवीत, भोवती मोजे आणि गळपट्टे. पहिल्या दिवसाचा एक पूर्ण जोड, म्हणजे अंगालगतचे कपडे, मोजे, हातमोजे, गॉगल आणि रोजची औषधं, हातातल्या बॅगेत असू द्या. प्रवासात जॅकेट अंगावर किंवा हातात. एकदा आमची मोठी बॅग दोन दिवस उशिरा पोचली. जॅकेट आणि हेल्मेट तिथे भाड्याने मिळालं, मापाचे मोजे आणि चष्म्यावर बसणारा गॉगल मिळाला नाही. गरम होणारे हातमोजे असतील तर त्यांच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात सोबतच्या बॅगेतच न्याव्या लागतात, सामानात टाकता येत नाहीत. स्कीच्या काठ्या मात्र सामानातच. ओल्या कपड्यांसाठी दोन मोठ्या पिशव्या आणि टांगायला मीटर-दोन मीटर दोरी टाका. रात्री खोलीत दोरी नाही म्हणून खुर्च्यांवर कपडे वाळत घालणारे सकाळी दमट मोजे घालतात.

तिथे पोचल्यावर

सकाळी दाराबाहेर पाऊल टाकल्यावर किंचित थंडी वाजली पाहिजे. तेव्हाच छान ऊब वाटत असेल तर तुम्ही एक थर जास्त घातला आहे, आणि दहा मिनिटांत घाम येणार. काढा तो, सॅकमध्ये ठेवा. चढण्याआधी चेन उघडायची, लिफ्टवर बसण्याआधी लावायची, घाम यायची किंवा थंडी वाजायची वाट न बघता. जेवायला आत गेलं की जॅकेट, फ्लीस दोन्ही काढा. अंगावरच्या कपड्यातला दमटपणा त्या वेळात निघून जातो.

मुलं थंडी वाजते म्हणून सांगत नाहीत, ती चिडचिडी होतात. दर तासाला माझ्या मुलीचा हातमोजा काढून मी बोटं माझ्या हातात धरून बघते. गालावर, नाकावर पांढरट डाग दिसला किंवा बोटांना स्पर्श कळेनासा झाला तर ताबडतोब आत. त्यावर बर्फ चोळू नका, काहीच चोळू नका. उबदार तळवा धरा, आणि रंग आणि स्पर्श लवकर परत आला नाही तर डॉक्टर गाठा.

रात्री बूटचा आतला मऊ भाग सैल करून उघडा ठेवा, शक्य असेल तर बाहेर काढा. हातमोजे हीटरवर थेट ठेवू नका, चामडं कडक होऊन तडकतं. जवळ टांगा, तोंड खाली करून.

घरी आल्यावर जॅकेट धुवायला घाबरू नका. मळलेल्या कापडावर पाणी थेंब होऊन घरंगळत नाही, पसरतं, आणि मग वाफही अडते. सौम्य द्रव साबण, सॉफ्टनर अजिबात नाही, आणि लेबलवर परवानगी असेल तर मंद उष्णतेवर ड्रायरमध्ये फिरवा. त्या उष्णतेने थेंब घरंगळवणारा लेप पुन्हा जागा होतो. पिसांचं जॅकेट पिशवीत दाबून ठेवू नका, हँगरला लावा.

आणि बॅग माळ्यावर टाकण्याआधी मी तिच्या आतल्या कप्प्यात एक चिठ्ठी ठेवते: काय न वापरता परत आलं, काय कमी पडलं. गेल्या खेपेच्या चिठ्ठीवर लिहिलं आहे: "जाड फ्लीस उघडलाच नाही. मुलीचे हातमोजे तिसरा जोड. दोरी विसरू नये. पँटची डावी चेन अडकते, दुरुस्त करून घेणे."